कुसवड्याचा थांबा

आंबळी स्टेशनावर आता गाडीची वाट कोणी पाहत नाही. गरजच उरलेली नाही. माणूस घराचं दार ओढून घेतो, तेव्हाच त्याचा डबा शेडमधून निघालेला असतो. आणि तो जिना उतरून फलाटावर येतो, तेव्हा डबा दार उघडून उभा असतो. चहाचा स्टॉल पहिल्याच वर्षी बंद पडला, कारण एक कप चहा प्यायला लागतो तेवढा वेळ फलाटावर कोणी थांबेना. त्यापाठोपाठ पेपरवाला गेला, चप्पल शिवणारा गेला. बाकं तेवढी राहिली. त्यांच्यावर कबुतरं बसतात, आणि कबुतरांना पुण्याला जायचं नसल्यामुळे त्यांची या नव्या व्यवस्थेबद्दल काही तक्रार नाही.

वृंदा खळदकर त्या दिवशी नेहमीप्रमाणे आपल्या डब्यात चढली. बारा आसनांचा छोटासा डबा, दोन-दोन आसनांच्या जोड्या. खिडकीपाशी तिचा हिरवा दिवा लागलेला होता. पण शेजारच्या आसनावर एक मुलगी बसली होती.

वृंदा थबकली. गेली दोन वर्षं त्या आसनावर पिवळा दिवा असायचा. पिवळा म्हणजे जागा राखलेली. त्या पिवळ्या दिव्याखाली वृंदा आपली कापडी पिशवी ठेवायची आणि मग खिडकीबाहेर बघत निवांत बसायची. आज दिवा हिरवा होता आणि पिशवी तिच्या हातातच राहिली होती.

"अगं, ही जागा धरलेली आहे," वृंदा म्हणाली.

"सॉरी काकू, मागचा डबा बिघडलाय म्हणून आम्हाला इकडे पाठवलंय. माझ्या फोनवर हाच नंबर आलाय." मुलीचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. डाव्या हातानं तिनं फोन पुढे केला.

"ते असेल. पण इथे बाई येणार आहेत. कुसवड्याला चढतील."

वृंदाचा आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. दूधवाल्यानं पाणी घातलेलं दूध आणलं तरी त्याला चार शब्द न सुनावणारी ही बाई. मुलीनं डब्यात नजर फिरवली. सगळ्या जागा भरलेल्या होत्या. ती उठली आणि डाव्या हातानं दांडी धरून उभी राहिली. वृंदा खिडकीशी सरकली आणि मोकळ्या जागेवर तिनं पिशवी ठेवली.

आंबळीनंतरचं पुढचंच स्टेशन कुसवडे. डब्याचा वेग कमी झाला. वृंदा रोजच्यासारखी अर्धवट उठली आणि तिनं पिशवी उचलून पोटाशी धरली. दार उघडलं. फलाटावर कडुनिंबाचं झाड होतं, एक ठिबकणारा नळ होता आणि नळाखाली एक कुत्रं पाणी पीत होतं. माणूस नव्हतं. दार ठरलेला वेळ उघडं राहिलं आणि मिटलं.

सगळा डबा वृंदाकडे बघत होता. समोरच्या गृहस्थांनी तर कानातली बोंडंही काढली. वृंदानं पिशवी परत शेजारी ठेवली. ती मुलगी एक शब्द बोलली नाही, आणि तेच वाईट झालं. ती भांडली असती तर वृंदालाही भांडता आलं असतं. आता तिचं तोंड शरमेनं जळत होतं, मुलीचा प्लास्टरमधला हात प्रत्येक वळणावर तिच्या डोळ्यांसमोर हलत होता, पिशवी हाताच्या अंतरावर होती, आणि तरी ती पुण्यापर्यंत उचलली गेली नाही.

उतरताना मुलीनं मागे वळून विचारलं, "त्यांना बरं नाहीये का, काकू?"

"हो," वृंदा म्हणाली. "बरं नाहीये."

*

सिंधू गराडे ही वृंदाची गाडीतली मैत्रीण. गाडीतली मैत्री ज्यानं केली नाही त्याला ती सांगून कळायची नाही. एकमेकींची रक्तदाबाची गोळी ठाऊक, जावेचे टोमणे पाठ, मुलाचे गणितातले मार्क ठाऊक. पण एकमेकींच्या घराचा उंबरठा कधी पाहिलेला नसतो. स्टेशन आलं की दोघी दोन दिशांना. जवळपास वीस वर्षं असं चाललं होतं.

वृंदाचं लग्न झालं नव्हतं. पुण्यात कृत्रिम दात बनवणाऱ्या एका लॅबमध्ये ती दातांना रंग द्यायची. दात यंत्र बनवतं, पण सत्तर वर्षं चहा प्यालेल्या माणसाच्या दातांचा पिवळेपणा अजून माणसाच्याच डोळ्याला कळतो, म्हणून तिची नोकरी टिकून होती. दिवसभर समोर दातच दात आणि त्यातला एकही बोलणारा नाही. बोलणं व्हायचं ते गाडीत.

आंबळी पहिलं स्टेशन, म्हणून जागा धरायचं काम वृंदाचं. जुन्या गाडीत ते सोपं नव्हतं. "इथे कोणी आहे का?" असं विचारत बायका यायच्या आणि वृंदा शेजारी पिशवी दाबून धरत म्हणायची, "येणारेत, कुसवड्याला." एरवीची मवाळ वृंदा त्या एका जागेसाठी कोणाच्या बापाला ऐकायची नाही. मग कुसवडं यायचं, वृंदा अर्धवट उठून पिशवी उचलायची आणि धापा टाकत सिंधू तिथे बसायची. ती एका शाळेत सेविका होती आणि जोडीला साड्यांना फॉल लावून द्यायची. बसली रे बसली की मांडीवर साडी पसरायची, आणि सुई नि जीभ बरोबरच चालू व्हायची.

"ताई, मानसं हसत्यात ते तुमच्या रंगानं व्हय?" ती विचारायची. "मंग आमच्या मुख्याध्यापकाला पन एक बत्तिशी रंगवून द्या की. जलमात हसला न्हाई मेला."

मग जोडगाडी आली. पूर्वी डबे लोखंडी आकड्यांनी एकमेकांना बांधलेले असत. एक थांबला की सगळे थांबणार. जोडगाडीत आकडा नाही. प्रत्येक डब्याला स्वतःची मोटर, आणि सगळे डबे एकमेकांशी बिनतारी संदेशानं सतत बोलत असतात. पुढच्यानं ब्रेक लावायचं ठरवलं की त्याच क्षणी मागच्यालाही ते कळतं, म्हणून ते हातभर अंतर राखून, न जोडता जोडल्यासारखे धावू शकतात. ज्या डब्यातल्या कोणाला उतरायचं किंवा ज्यात कोणाला चढायचं असेल तो मागे पडतो, बाजूच्या रुळावर जाऊन थांबतो. बाकीचे तसेच पुढे. ज्या स्टेशनाशी आपलं काम नाही तिथे थांबायची कोणालाच सक्ती नाही. तासाभराचा प्रवास निम्म्यावर आला.

पण कोणाला कुठल्या डब्यात, कोणाच्या शेजारी बसवायचं? हे विचारायला लागलं असतं तर लोकांनी एकमेकांची डोकी फोडली असती. म्हणून यंत्र काही विचारत नाही, ते फक्त लक्ष ठेवतं. आसनांखाली आणि जमिनीखाली भार ओळखणाऱ्या पट्ट्या आहेत. कोण कुठे बसलं, कधी उठलं, शेजाऱ्याकडे कललं की अंग चोरून बसलं, शेजारच्या जागेवर काय ठेवलं, एवढंच त्यांना कळतं. रोजचं वागणं म्हणजे पेटीत टाकलेली एक चिठ्ठी. चिठ्ठ्या साठतात, जुन्या हळूहळू फिकट होत जातात, आणि जास्त चिठ्ठ्या ज्या बाजूला पडतील तसा दुसऱ्या दिवशी दिवा लागतो.

पहिल्याच महिन्यात दोघींचे दिवे शेजारी-शेजारी लागू लागले.

"आगं बया!" सिंधू म्हणाली. "ह्याला कसं ठावं, मी तुमच्यासंगं बसते त्ये?"

"रोज बघत असेल आपल्याला."

"बघंना का. पर दिव्याचा काय भरवसा, ताई? उंद्या लाइट गेली म्हंजी? तुमी आपली पिशवी ठेवत जावा."

म्हणून पिशवी राहिली.

एका शुक्रवारी सिंधूनं वृंदाची जांभळी साडी परत दिली. वृंदाच्या भाचीच्या लग्नासाठी घेतलेली. फॉल अर्धाच लागला होता, सुई दोऱ्यासकट तशीच टोचून ठेवलेली. "लगीन लांब हाय अजून. ऱ्हायलेला सोमवारी करते. आत्ता माज्या पिशवीत जागा न्हाई," असं म्हणून ती उतरली.

सोमवारी कुसवड्याला दार उघडलं आणि सिंधू आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी वृंदानं फोन लावला. मुलानं उचलला.

"आई रविवारी गेली. हार्टअ‍ॅटॅक. आपण कोण?"

"मी... गाडीतली मैत्रीण."

"कुठल्या गाडीतली?" त्यानं अगदी सरळपणे विचारलं.

 वृंदा "राहू दे" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. भेटायला जायचं तर जाऊन काय म्हणून बसायचं? आत्या, मावश्या, नणंदा, सगळ्यांना नावं असतात. हिचं नातं रुळांवरचं, ते घरात कुठे ठेवणार? ती गेलीच नाही. भाचीच्या लग्नात ती दुसरीच साडी नेसली.

पण त्या फोनच्या दुसऱ्या दिवशीही डबा कुसवड्याला थांबला. तिसऱ्या दिवशीही. शेजारचा दिवा पिवळा होता आणि पिवळाच राहिला. दार उघडायचं, कडुनिंब दिसायचा, दार मिटायचं. वृंदाला पहिल्यांदा वाटलं, चूक असेल. मग वाटलं, या यंत्राला आठवण आहे. मुलानं विचारलं होतं, आपण कोण. यंत्रानं तसलं काही विचारलं नव्हतं. सगळ्या जगात सिंधूसाठी थांबणारे दोघंच होते, एक ती आणि एक हा डबा. या एका गोष्टीच्या आधारावर ती रोज सकाळी उठत होती.

*

म्हणून त्या प्लास्टरवाल्या मुलीच्या प्रसंगानंतर ती घाबरली. आज एक बसली, उद्या दुसरी बसेल. दुसऱ्याच दिवशी तिनं लॅबमधून लवकर निघून पुणे स्टेशनावरचं प्रवासी मदतीचं ऑफिस गाठलं. निहार वझे नावाचा एक तरुण इंजिनिअर तिथे एकटाच बसला होता. आजकाल तक्रार करायला कोणी समक्ष येत नसे, त्यामुळे त्यानं तिला अगत्यानं खुर्ची दिली.

"मला एक जागा कायमची एका नावावर करून हवी आहे," वृंदा म्हणाली. "म्हणजे गर्दीच्या दिवशी कोणी बसणार नाही."

"कोणाच्या नावावर, काकू?"

"सिंधू गराडे. कुसवडे."

त्यानं पडद्यावर पाहिलं. "हे खातं बंद आहे. त्यांच्या घरच्यांनी दोन वर्षांपूर्वीच बंद करून घेतलंय." त्यानं मान वर केली. "वारल्या का त्या?"

 "बंद कसं असेल? तिची जागा रोज राखलेली असते."

"ती त्यांच्यासाठी नाही हो."

"मग कोणासाठी?"

निहारनं पडदा तिच्याकडे वळवला. चांगला मुलगा होता. हे सांगायला आपल्याऐवजी दुसरं कोणी असतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पडद्यावर तिचं नाव होतं आणि त्याखाली दोनच शब्द. शेजार: नको.

"तुम्ही रोज शेजारच्या जागेवर पिशवी ठेवता," तो म्हणाला. "त्या होत्या तोवर पिशवी उचलली जायची आणि तिथे माणूस बसायचं. नंतर उचललेली पिशवी लगेच परत तिथेच, पुण्यापर्यंत. यंत्राला पिशवी कोणासाठी ठेवली ते कळत नाही, काकू. त्याला एवढंच दिसतं, की या बाईंना शेजारी कोणी नको असतं. म्हणून ते कोणाला पाठवत नाही."

"आणि कुसवड्याला थांबतं ते?"

"तेही तुमच्यामुळेच. कुसवडं जवळ आलं की तुमच्या आसनावरचा भार कमी होतो. तुम्ही उठता का तिथे?"

"अर्धवट."

"त्याला वाटतं, तुम्हाला उतरायचंय. ते थांबतं, दार उघडतं. तुम्ही उतरत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत उठता, ते परत थांबतं."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेली एक, आणि खोड राहिली दुसरीची. वृंदा त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. दोन वर्षं जिला ती सिंधूची आठवण समजत होती, ते तिचंच अंग होतं, अर्धवट उठणारं. डबा आरशासारखा तिचीच हालचाल तिला परत दाखवत होता. सिंधूसाठी थांबणारे दोघं नव्हते. एकटी तीच होती.

"अजून एक सांगायला हवं," निहार चाचरत म्हणाला. "ही नोंद फक्त आमच्याकडे राहत नाही. बसायची जागा देणारे बरेच जण हीच नोंद वापरतात. तुम्ही संमती दिली असेल मागे कधीतरी, सगळेच देतात."

"बरेच म्हणजे कोण?"

"नाट्यगृहं, दवाखाने, मोठी कॅन्टीन्स, क्लास वगैरे."

वृंदाच्या डोळ्यांपुढून एकेक जागा सरकत गेली. नाटकाला दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असायच्या. तिला वाटायचं, हल्ली नाटकं चालत नाहीत. कॅन्टीनमध्ये टेबल कोपऱ्यातलं मिळायचं. योगाच्या वर्गात तिची सतरंजी भिंतीकडे, एकटी. दवाखान्यात ओळीतली शेवटची खुर्ची. तिला वाटलं होतं, वय झालं. पन्नाशी उलटलेल्या बाईच्या शेजारी कोण कशाला येऊन बसेल? तिनं ते मुकाट्यानं सोसलं होतं, कोणाला दोष न देता. आणि हे सगळं एका पिशवीनं केलं होतं, जी तिनं प्रेमानं ठेवली होती. 

"मी आत्ता बदलून देतो," निहार घाईनं म्हणाला. "एका बोटाचं काम आहे. उद्यापासून तुमच्या शेजारी दिवा लागेल. कुसवड्याचा थांबाही काढून टाकतो."

"आणि उद्या मी परत पिशवी ठेवली तर?"

"तर... काही दिवसांनी ते परत तेच शिकेल."

"आणि उठले तर?"

"परत थांबायला लागेल."

 "आमच्याकडे एक दात पडला ना, की शेजारचे दात त्या खळग्याकडे कलायला लागतात. मग नुसता नवा दात आणून बसत नाही. आधी कललेले सरळ करावे लागतात, आणि ते दुखतं." ती उठली. "तू हात लावू नकोस याला."

"म्हणजे असंच ठेवायचं?"

"मला माहीत नाही," वृंदा म्हणाली, आणि ते अगदी खरं होतं.

*

संध्याकाळी घरी तिनं पिशवी पलंगावर ओतली. जेवणाचा डबा, छत्री, चष्म्याचं घर, आणि तळाशी ती जांभळी साडी, दोन वर्षं रोज पुण्याला जाऊन येणारी. फॉल अर्ध्यावर थांबलेला. सुई टोकाशी गंजली होती आणि गंजाचा एक ठिपका कापडाला लागला होता.

तिनं मनाशी दोन्ही गोष्टी उलगडून पाहिल्या. पिशवी ठेवत राहिली तर डबा रोज कुसवड्याला थांबेल, दार उघडेल, आणि सिंधूच्या नावानं दिवसातले काही क्षण या जगात उभे राहतील. उचलली तर एक दिवस असा येईल की डबा थांबणार नाही. त्यानंतर सिंधूसाठी कुठेही, काहीही थांबणार नाही. तो दिवस आपल्या हातानं आणायचा? या विचारानं तिला रडू फुटलं. एकटं राहणाऱ्या माणसाला एक सोय असते, मोठ्यानं रडता येतं. ती मोठ्यानं रडली.

रडून झाल्यावर तिला त्या मुलीचं प्लास्टर आठवलं. आणि मग, का कोण जाणे, तिथे सिंधू असती तर ती काय म्हणाली असती ते ऐकूच आलं. "आवं ताई, सरका की वाईच! पोरीचा हात मोडलाय, आन् तुमी पिशवी काय बसवून ठिवता? तिगी बसू दाटीवाटीनं." सिंधू तशीच होती. जागा तिच्यासाठी धरलेली असायची, आणि ती अर्ध्या वेळा भलत्याच कोणाला तरी तिच्यात कोंबायची. वृंदा रागावायची. वीस वर्षं जागा धरली वृंदानं, पण ती वापरायची कशी ते सिंधूलाच ठाऊक होतं.

वृंदानं सगळं सामान परत पिशवीत भरलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पिशवी मांडीवर घेतली.

सांगायला सोपं आहे. कुसवडं जवळ आलं आणि तिचे गुडघे आपसूक ताठ झाले, ती उठलीच. डबा थांबला. कडुनिंब दिसला. त्याच्या पुढच्या दिवशी तिनं पाय आसनाखाली अडकवून ठेवले, तरी अंग वर आलं. मग ती पिशवी दोन्ही हातांनी कवटाळून, डोळे मिटून बसू लागली. कधी जमायचं, कधी नाही. जमलं त्या दिवशीही डबा थांबायचा, कारण जुन्या चिठ्ठ्या ढीगभर होत्या. न उठता दार उघडताना बघणं उठण्याहून कठीण होतं. दारात कोणीतरी आलंय आणि आपण बसूनच राहिलोय, असं वाटायचं.

आणि शेजारची जागा आता खरोखर रिकामी होती. पूर्वी तिथे पिशवी असायची, पिशवीमुळे सिंधू असायची. आता पिशवीही नाही, सिंधूही नाही आणि पिवळ्या दिव्यामुळे दुसरं माणूसही नाही. नुसतं निळं रेक्झीन. अख्ख्या दोन वर्षांत इतकं एकटं तिला कधी वाटलं नव्हतं. दोनदा तर ती पिशवी ठेवायला वळलीही. एकदा ठेवलीसुद्धा, आणि कुसवड्याच्या आधी उचलून घेतली.

असं करता करता कडुनिंबाची पानं गळून त्याला नवी तांबूस पालवी फुटली.

*

त्या सकाळी वृंदा डब्यात चढली तेव्हा शेजारचा दिवा हिरवा होता.

 ती खिडकीशी जाऊन बसली, पिशवी मांडीवर. दारातून एक मुलगी आत आली. तिनं फोनवरचा नंबर पाहिला, आसन पाहिलं, मग वृंदाला पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. हाताला आता प्लास्टर नव्हतं, पण वृंदानं तिला लगेच ओळखलं.

मुलगी बसली नाही. मोकळी जागा, हिरवा दिवा, सगळं असून ती दांडीला धरून उभी राहिली. गेल्या खेपेची धास्ती तिनं घेतली होती.

"इथे कोणी... येणार आहेत ना?" तिनं हळूच विचारलं. "त्या बाई. कुसवड्याच्या."

"येणारेत" हा शब्द वृंदाच्या ओठांवर तयारच होता. तो तिनं गिळला.

"नाही येणार," ती म्हणाली. "त्या वारल्या. दोन वर्षं झाली. बस तू."

हे ती पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती. मुलगी क्षणभर गोंधळली, मग हलकेच, आसनाच्या अगदी कडेला बसली. डबा सुटला.

"त्या दिवशी मी तुला उभं ठेवलं," वृंदा म्हणाली. "फार चुकलं माझं. हात बरा आहे का आता?"

"हो हो, एकदम. तुम्ही नका मनात ठेवू." मुलगी थोडी आत सरकली. तिच्या दंडाचा वृंदाच्या दंडाला निसटता स्पर्श झाला. जिवंत माणसाच्या अंगाची ऊब किती असते, ते वृंदा विसरून गेली होती.

कुसवडं जवळ आलं. वृंदानं पिशवी घट्ट धरली, पाय अडकवून घेतले आणि वेग कमी व्हायची वाट पाहिली. वेग कमी झाला नाही. बाजूचा रूळ तसाच मागे गेला. फलाट आला; तांबूस पालवीचा कडुनिंब, नळ, रिकामं बाक, एकापाठोपाठ एक काचेसमोरून सरकले आणि संपले. काय होतंय ते कळायच्या आत तिचे गुडघे सरळ झाले, पाय सुटले आणि ती उठलीच, पिशवी पोटाशी धरून, दाराकडे तोंड करून, अर्धवट. डबा तिच्याकडे लक्ष न देता धावत राहिला.

मुलीनं चटकन पाय आत घेऊन वाट करून दिली. "उतरायचं होतं का, काकू? थांबलाच नाही."

"नाही गं." वृंदा खाली बसली. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. "उतरायचं नव्हतं. इथे सिंधू चढायची."

डब्यात दुसरं कोणी बोलत नव्हतं. मुलीनं कानात घालायला हातात घेतलेली बोंडं परत पर्समध्ये टाकली आणि ती वृंदाकडे वळून बसली.

"कशा होत्या सिंधूताई?" तिनं विचारलं.

वृंदानं पिशवीतून जांभळी साडी काढून दोघींच्या मांडीवर पसरली. पुणं यायला अजून वेळ होता.